खालचा पट्टा

ओहोटीचं पाणी पोटऱ्यांपर्यंत उतरलं तशी लुआ त्यांच्या पट्ट्यात, शिंपल्यातल्या तिसऱ्या वाढवायच्या वाळूत, शिरली. पाणी अंगाला चटका बसेल इतकं गरम होतं. ती सुरूच्या झाडांच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे गेली आणि तिथंच थांबली. वाळूवर तिसऱ्या पडल्या होत्या.

एरवी ओहोटीला पट्टा नुसता सपाट दिसतो. तिसऱ्या बोटभर खोल वाळूत बसलेल्या असतात आणि वर दिसतात ती फक्त जोडीजोडीनं पडलेली बारीक भोकं. आज त्या वर आल्या होत्या. पोतं सांडावं तशा कुशीवर पडल्या होत्या. लुआनं वाकून एकीला बोट लावलं. तिची जिभेसारखी मांसाची पट्टी बाहेर लोंबत होती. बोट लागताच ती झटक्यात आत जायला हवी होती आणि शिंप खटकन मिटायला हवी होती. ती आत गेली, पण उठायचं जिवावर आलेल्या माणसासारखी. शिंप मिटली तरी कडेला दोऱ्याएवढी फट राहिलीच.

लुआनं दोन तिसऱ्या एकमेकींवर आपटून कानाशी धरल्या. जित्या तिसऱ्यांचा आवाज दगडावर दगड आपटावा तसा येतो. या पोकळ वाजल्या.

तिनं मूठभर तिसऱ्या डोक्यावरच्या पानांच्या टोपीत घेतल्या आणि मचाणाकडे निघाली. पट्ट्याच्या कडेला खांबांवर उभं केलेलं हे राखणीचं मचाण तिच्या सासऱ्याचं होतं. दिन्ह म्हाताऱ्याचे गुडघे गेल्यापासून तो वाळूत उतरत नसे. दिवसभर वर बसून जाळी विणायचा आणि पाण्याकडे बघायचा.

"बा, ह्या बघा जरा."

म्हाताऱ्यानं एक तिसरी सुरीनं उघडली. आतलं मांस पातळ होतं, पाणी सुटलेलं. पोटाशी हिरवट डाग असतो, तो फिका पडला होता.

"हिनं काही खाल्लेलं नाही," तो म्हणाला. "कुठल्या ह्या?"

"वरच्या कोपऱ्यातल्या. सगळा कोपरा वर आलाय."

म्हाताऱ्यानं सुरी लुंगीला पुसली. "ओहोटीला ही तोंड मिटून बसते. पाणी परत येईपर्यंत आतलंच खाते, आतलंच पिते. ओहोटी लांबली की ती स्वतःलाच खायला लागते. त्यात वरून हे ऊन. वाळू तापली की तिला खाली धीर धरवत नाही, वर येते. आणि वर आली की भाजते."

"मग करायचं काय?"

"बियेन कुठाय?"

बियेन पोत्यांचा गठ्ठा खांद्यावर टाकून किनाऱ्यावरून येतच होता. लुआचा नवरा आधी मासेमारीच्या बोटीवर होता. बोट सोडून त्यानं हा पट्टा घेतला, कारण बोटीवरचं माणूस महिनोन् महिने घरी नसतं आणि आमच्या वाडीतली निम्मी तरणी माणसं तशीही कारखान्यांकडे गेलेली. हा पट्टा गेला तर त्यालाही तिकडंच जावं लागणार होतं. हे घरात कुणी बोलत नसे.

त्यानं टोपीत बघितलं. मग बापाकडे बघितलं.

"दाट झाल्यात," म्हातारा म्हणाला. "बी टाकतानाच म्हटलं होतं तुला, इतकं दाट टाकू नकोस."

"तुम्ही सगळंच आधी म्हटलेलं असतं, बा."

"दाटीत एकमेकींचं खाणं खातात. त्यात एक मेली की शेजारणीला घेऊन जाते. आधी मेलेल्या वेचा. आणि राहिलेल्यांना खाली हलवा, पाण्याच्या कडेला. तिथं ओहोटी थोडा वेळच लागते."

"खाली कुठं हलवू? खाली आपली वाळू आहे का?"

म्हाताऱ्यानं विणायचं जाळं पुढं ओढलं. खालचा पट्टा कुणाचा होता ते तिघांनाही माहीत होतं.

*

दुसऱ्या दिवसापासून मेलेल्या वेचणं सुरू झालं. पाणी गेलं की दोघं नाकातोंडाला फडकं बांधून वाळूत बसत आणि बसल्या बसल्याच पुढं सरकत. दाताळं वापरलं की जित्यांना धक्का लागायचा, म्हणून हातानंच वेचायचं. फुटक्या शिंपांनी लुआची बोटं चिरली. चिरांत खारं पाणी शिरलं की डोळ्यांसमोर अंधारी यायची. वरून ऊन पाठीवर बसलेलं असे. खालची वाळू तळव्यांना पोळे.

वरच्या कोपऱ्यात हात घातला की बोटं काळी होऊन बाहेर यायची. खालची वाळू काळी पडली होती, सडक्या अंड्यासारखा वास मारत होती. जिथं काळं तिथं एकही जिवंत नव्हती. बियेन मेलेल्यांची पोती पाठीवर घेऊन सुरूच्या पलीकडे खड्ड्यात टाकून येई. पोत्यातून गळणारं पाणी त्याच्या पाठीवरून टाचांपर्यंत ओघळायचं. आंघोळ केल्यावरही तो वास जात नसे. रात्री लुआ त्याच्याकडे पाठ करून झोपायची. त्यालाही ते कळत होतं.

खालच्या पट्ट्यांवर मजुरीला जाणाऱ्या बाया शेजारून जाताना नाकावर बाही धरत. एक म्हणाली, "बियेन, आता बदकं पाळ की. खाणं फुकट आहे." बाकीच्या हसल्या. बियेन मान वर न करता वेचत राहिला.

दुपार कलायला लागली की पाणी परतायचं. उरलेल्या तिसऱ्या तोंड उघडून पाणी घ्यायला लागायच्या. तेवढ्यापुरतं लुआला वाटायचं, सावरतील. पण दुसऱ्या दिवशी काळा डाग हातभर पुढं सरकलेला असायचा.

"थोआताईला विचारूया," एका दुपारी ती म्हणाली. "तिनं तिसऱ्या काढून विकल्यात. तिचा निम्मा पट्टा रिकामा आहे. पाण्याच्या कडेचा तर सगळाच."

"मी नाही विचारणार."

"तुम्ही नका. मी जाते."

बियेननं हातातली मेलेली तिसरी पोत्यात टाकली. "जा. काय म्हणेल ते मला आताच माहीत आहे."

*

थोआ खालच्या पट्ट्याची मालकीण, लुआपेक्षा बरीच मोठी. नवरा समुद्रात गेला तो परत आलाच नाही. हाउ नावाचा मुलगा होता. दोन वर्षांपूर्वी एक मोठं उधाण येऊन गेलं आणि बियेनच्या पट्ट्यातल्या बऱ्याच तिसऱ्या गायब झाल्या. सकाळी वाळूत हाउची पावलं दिसली. बियेननं बाजारच्या होडीपाशी, सगळ्यांसमोर हाउला अडवलं, त्याच्या टोपल्या उलट्या करायला लावल्या आणि त्याला चोर म्हटलं. हाउनं एकेक तिसरी वेचून टोपल्या परत भरल्या आणि घरी गेला. त्याच महिन्यात वाडी सोडून तो कारखान्यात लागला. त्यानंतर थोआ या घराशी एक शब्द बोलली नव्हती.

लुआ गेली तेव्हा थोआ ओट्यावर बसून मासे साफ करत होती.

"ताई."

थोआनं एका माशाचं पोट फाडलं, आतलं काढून मांजरापुढं टाकलं. मग दुसरा मासा घेतला. लुआ उन्हातच उभी राहिली. थोआनं तिला सावलीत ये म्हटलं नाही आणि लुआनंही पाय पुढं टाकला नाही. मासे संपले. थोआनं पाटी धुतली, सुरी धुतली, हात धुतले.

"वास इथपर्यंत येतोय तुमचा," ती म्हणाली.

"ताई, वरच्या मरतायत. खाली पाण्याच्या कडेला थोड्या दिवसांसाठी टाकू द्याल का? पाऊस लागला की उचलू. जगतील त्यातल्या निम्म्या तुमच्या."

"माझ्या वाळूत तुमच्या तिसऱ्या?"

"हो."

"आणि उद्या त्यातल्या कमी भरल्या की? मग माझ्या टोपल्या उलट्या करायच्या?"

लुआनं खाली बघितलं. तिच्या पायांजवळ मांजर माशाची आतडी ओढत होतं.

"त्या दिवशी तू पण होतीस तिथं," थोआ म्हणाली. "होडीच्या पलीकडे उभी होतीस. मी बघत होते तुझ्याकडे."

"मला माहीत आहे."

"मग जा आता. ऊन लागेल तुला."

घरी येऊन लुआनं फक्त "नाही म्हणाली" एवढंच सांगितलं. बियेननं मान हलवली आणि पोतं उचललं.

*

पुनव जवळ आली तशी उधाणाची भरती चढली. पाणी सुरूच्या मुळांपर्यंत आलं आणि सकाळी परत फिरलं ते नदीसारखं. ओहोटीला अशी ओढ लागली की मचाणाचे खांब थरथरायला लागले.

"जाळ्याकडे बघा," म्हातारा वरून म्हणाला. "अरे, जाळ्याकडे बघा."

दोन पट्ट्यांच्या मध्ये खुंटांना ताणलेलं गुडघाभर उंचीचं नायलॉनचं जाळं होतं. पाण्याखाली ते पोटासारखं खाली फुगलं होतं. वाहून आलेलं शेवाळ आणि पालापाचोळा त्यात अडकून जाळ्याची भिंतच झाली होती. पाण्यावर धागे तरंगत होते, शेंबडासारखे चिकट, चमकणारे.

तिसऱ्या निघाल्या होत्या. आमच्याकडे सगळ्यांना हे माहीत आहे. तिसरीला जागा सोसवेना झाली की ती लाळेचा लांब धागा सोडते, वाळूतून उचलली जाते आणि पाणी नेईल तिकडे जाते. त्यासाठीच तर जाळी लावायची.

बियेन धावला. लुआ त्याच्या मागं. पाणी मांड्यांपर्यंत होतं, पण उभं राहवत नव्हतं. लुआनं पाठीनं जाळ्याला टेका दिला आणि दोन्ही हातांनी शेवाळ उपटायला लागली. पाण्याखाली तिच्या नडग्यांवर काहीतरी आपटत होतं. एक, मग दुसरं, मग सारखंच, गारा पडाव्यात तसं. बियेन खुंटाला मिठी मारून उभा होता.

"वरची दोरी धर," तो ओरडला. "सोडू नकोस."

"सुटतोय खुंट."

"धर म्हणतो ना."

खुंट वाळूतून अलगद उपटून आला, भातातून काडी निघावी तसा. त्याच्या शेजारचा गेला, त्याच्या शेजारचाही. जाळं आडवं झालं. लुआ पाण्यात पडली. तिच्या अंगावरून, हातांवरून, केसांतून लाळेचे धागे ओढत तिसऱ्या खाली जात होत्या. तिनं मुठीत पकडल्या. मूठ उघडून पुन्हा पकडायला गेली तर आधीच्याही गेल्या. बियेननं तिला काखेत धरून उभं केलं. दोघं एकमेकांना धरून पाणी उतरेपर्यंत तसेच उभे राहिले, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पाणी गेल्यावर त्यांचा पट्टा उघडा पडला. वरच्या कोपऱ्यात काळी वाळू आणि मेलेल्या. मधला भाग जवळजवळ रिकामा. आडव्या जाळ्याच्या पलीकडे, थोआच्या पट्ट्यात, तिसऱ्यांचा थर पसरला होता. पाय ठेवायला वाळू दिसत नव्हती.

आमच्या किनाऱ्यावर रीत अशी होती की तिसरी ज्याच्या पट्ट्यात सापडेल, ती त्याची. चालत येवो की वाहत येवो. त्याशिवाय भांडणं मिटली नसती.

थोआ तिच्या पट्ट्याच्या मध्यावर उभी होती. हातात लांब दांड्याचं दाताळं.

बियेन वाळूतून चालत गेला आणि आडव्या जाळ्यापाशी थांबला. त्याच्या हातात उपटलेला खुंट होता. लुआ त्याच्या मागं धावली आणि तिनं त्याच्या सदऱ्याला धरलं. सदरा ओला होता, बोटांतून निसटत होता.

"आमच्या आहेत त्या," बियेन म्हणाला.

"ओळख मग," थोआ म्हणाली. "ये. एकेक उचलून सांग, ही माझी आणि ही तुझी."

"रात्रीपर्यंत त्या वर होत्या. सगळ्यांनी बघितल्यात."

"मागच्या खेपेलाही रात्रीपर्यंत वरच होत्या. त्या कुठं गेल्या होत्या रे? सापडल्या का तुला?"

बियेनच्या हातातला खुंट हलला. लुआनं सदरा आणखी घट्ट धरला. शेजारच्या पट्ट्यांवरच्या बाया दाताळी टेकून बघत होत्या. त्यातलं कुणी पुढं आलं नाही.

मचाणाच्या शिडीवरून दिन्ह म्हातारा उतरत होता. पाय एकेका पायरीवर टेकवत, गुडघा वाकवायचं टाळत तो वाळूवर आला आणि तसाच लंगडत दोघांच्या मधून जाळं ओलांडून थोआच्या पट्ट्यात शिरला. त्यानं खाली बसायचा प्रयत्न केला. बसता येईना म्हणून तो हातांवर ओणवा झाला. थरातली एक तिसरी उचलून त्यानं कानाशी वाजवली, खालची उचलली, तीही वाजवली.

"पोरी," तो थोआला म्हणाला, "ह्या कुणाच्या ते राहू दे. ह्या दमलेल्या आहेत. ह्यांना वाळूत शिरायचं बळ नाही. दुपारचं ऊन चढलं की इथंच मरतील. आणि खाली तुझ्या आहेत, वाळूतल्या. वर सडकं झाकण बसलं की त्यांना श्वास कुठून मिळणार?"

थोआ दाताळ्याचा दांडा धरून उभी होती. तिनं पायानं थर बाजूला केला. खालची भोकं बुजली होती.

"पोती भरून विकते आज," ती म्हणाली. "होडी बोलावते."

"कोण घेईल? वाटेतच तोंडं उघडतील. तू एवढी वर्षं तिसऱ्या केल्यास, तुला मी काय सांगू?"

थोआनं उन्हाकडे बघितलं, मग पाण्याच्या कडेकडे.

"पाण्याच्या कडेला नेऊन पातळ पसरायच्या," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही आणि सून. हा नाही." तिनं बियेनकडे न बघता हनुवटीनं त्याला दाखवलं. "हा माझ्या वाळूत पाय ठेवणार नाही."

"बा काय उचलणार?" लुआ म्हणाली. "त्यांना चालवत नाही."

"मग तू आणि मी."

*

तसंच झालं. लुआ आणि थोआ हलक्या हातानं टोपल्या भरत आणि फळीवर ठेवून पाण्याच्या कडेपर्यंत ओढत नेत. तिथं मुठीमुठीनं पेरणी केल्यासारख्या तिसऱ्या पसरत. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. टोपली भरली की थोआ "हं" म्हणायची, तेवढंच.

बियेनला सीमेवर राहायचं होतं. तो आपल्या बाजूनं मेलेल्यांची पोती वाहत होता आणि जाळं सोडवून, धुऊन, खुंटांसकट लुआच्या हातात देत होता. तिसऱ्या अडवायला तेच जाळं कडेला नव्यानं लावायचं होतं. मजुरीच्या बाया जाता-येता बघत होत्या. वाडीतला धडधाकट माणूस गुडघाभर उंचीच्या, आता तिथं नसलेल्या जाळ्याअलीकडे उभा आहे आणि दोन बाया मध्यान्हीच्या उन्हात फळ्या ओढतायत, हे सगळ्या किनाऱ्याला दिसत होतं. कुणीतरी त्याला हाक मारून म्हणालं, "बियेन, तिकडं विंचू आहेत का रे?" त्याचा चेहरा उन्हानं काळा-तांबडा झाला होता. तो जागचा हलला नाही.

लुआनं जाळ्याचे खुंट ठोकायला घेतले तेव्हा मात्र तो न राहवून ओरडला. "सरळ नको ठोकू. समुद्राकडे कलते ठोक. खोल घाल, अजून हातभर."

थोआनं ते ऐकलं. तिनं तिच्या हातातला खुंट सरळच ठोकला.

भरती यायच्या आधी वारा उठला. तो नेहमीपेक्षा लवकर आला होता आणि समुद्रावरून थेट येत होता. पाण्याची पहिली लाट पसरलेल्या तिसऱ्यांवरून गेली आणि लुआनं बघितलं, काहींनी मांसाची पट्टी बाहेर काढून वाळूत खुपसली होती. शिरत होत्या. पण किती हळू. एरवी बघता बघता दिसेनाशी होणारी तिसरी आज अर्धी आत, अर्धी बाहेर थांबून धापा टाकल्यासारखी करत होती. त्यांना वेळ हवा होता, आणि तेवढा वेळ जाळं उभं राहायला हवं होतं.

पाणी कमरेपर्यंत आलं. लाटा जाळ्यावर आपटत होत्या. लुआ एका टोकाला, थोआ दुसऱ्या. मधले खुंट हलायला लागले, आधी थोआनं ठोकलेले सरळ खुंट. थोआ तिकडं सरकली. एक खुंट छातीशी धरला, दुसरा हातानं. लाट तिच्या डोक्यावरून गेली. ती खोकत वर आली आणि खुंट तसाच धरून राहिली. लुआला तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं. गेली असती तर तिचं टोक सुटलं असतं.

तिनं मागं वळून बघितलं. बियेन सीमेवर उभा होता, पाण्यात मांड्यांपर्यंत, लाकडी मोगरी हातात घेऊन. तो थोआकडे बघत होता. थोआनं त्याला बघितलं होतं. ती हाक मारत नव्हती, आणि तो पाय टाकत नव्हता. दुसरी लाट आली. थोआची टोपी गेली. ती वाहत बियेनच्या अंगाशी आली आणि पुढं निघून गेली. त्यानं टोपीकडे बघितलंही नाही.

तिसऱ्या लाटेनं थोआचे पाय उचलले. ती खुंटाला लोंबकळली.

"उभा काय राहिलायस?" ती ओरडली. "माझ्या मयताला येणार आहेस का?"

बियेन पाणी फोडत गेला. पहिला खुंट त्यानं खांद्यानं रेटून कलता केला आणि वर मोगरी घातली. लाट येण्याआधी एक घाव, गेल्यावर दोन. थोआ खुंट धरायची, तो ठोकायचा. दोघांच्या तोंडात पाणी जात होतं. एका घावाला मोगरी घसरून त्याच्या अंगठ्यावर बसली. त्यानं अंगठा क्षणभर तोंडात धरला आणि पुढचा खुंट घेतला. मधली रांग बसली तेव्हा पाणी थोआच्या छातीच्या वर होतं.

"त्या खेपेला," तो म्हणाला, आणि लाटेसाठी थांबला. "त्या खेपेला जाळं आडवं पडलं होतं. शेवाळाखाली. मी दुसऱ्या दिवशी बघितलं."

थोआनं पुढचा खुंट धरला आणि तो ठोकून होईपर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही.

"मला कशाला सांगतोस," मग ती म्हणाली. "हाउला सांग."

"कुठं सांगू?"

"नंबर आहे माझ्याकडे. हा धर आधी, सुटतोय."

*

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिघं पाण्याच्या कडेला गेले. दिन्ह म्हातारा मचाणाच्या कठड्याला धरून उभा होता. जाळं उभं होतं, शेवाळानं जड झालेलं, पण उभं. त्याच्या पायथ्याशी मेलेल्यांचा ढीग लागला होता आणि त्यातल्या कितीतरी थोआच्या होत्या, जाड कवचाच्या, थराखाली गुदमरून तिच्या वाळूतून वाहत आलेल्या. बाकीची वाळू सपाट होती. लुआ वाकून बघत चालत गेली. भोकं होती. सगळीकडे नव्हती, मध्ये मध्ये मोकळे चट्टे होते, पण होती. तिनं बोट घालून एक वर काढली. तिसरीनं तिच्या बोटावर शिंप मिटली आणि सोडेना. लुआनं ती तशीच बोटाला धरून बियेनला दाखवली. त्यानं बघितलं, मान हलवली.

निम्म्याहून जास्त गेल्या होत्या. पुढं पाऊस लागेपर्यंत आणखी जाणार होत्या. त्या वर्षी दोन्ही घरांचं मिळून जेमतेम एका घराला पुरेल एवढंच झालं आणि बियेनला पावसाळाभर बोटीवर जावं लागलं. पण कारखान्यात मात्र तो गेला नाही.

त्या दुपारी हे काही कुणाला ठाऊक नव्हतं. थोआनं कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोन काढला, ओले हात सदऱ्याला पुसले आणि बटणं दाबून तो बियेनपुढं धरला.

"त्याची जेवायची सुट्टी असते आता."

बियेननं फोन घेतला. अंगठा सुजून काळा-निळा झाला होता, त्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला. लुआ टोपली घेऊन मेलेल्या वेचायला बसली, थोडी लांब, पण वारा तिच्याकडेच येत होता.

"हाउ? मी बियेन बोलतोय. वरच्या पट्ट्यावरचा." तो थांबला. "तुझी आई बरी आहे. इथंच आहे. नाही, काही झालेलं नाही. माझंच काम होतं." पलीकडे भांड्यांचा आणि माणसांचा गलका होता. तो लुआपर्यंत ऐकू येत होता. "तू काही घेतलं नव्हतंस. जाळं पडलं होतं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही."

हाउ काहीतरी म्हणाला. लुआला शब्द कळले नाहीत.

"हो," बियेन म्हणाला. "आत्ता सांगतोय."

तो बराच वेळ फोन कानाला लावून उभा राहिला. पलीकडचा मुलगा बोलत होता. बियेन मध्ये बोलला नाही, स्वतःची बाजू सांगितली नाही. खाली बघत एका पायानं वाळू उकरत होता. शेवटी त्यानं फोन थोआपुढं धरला.

थोआनं तो घेतला, दोघांकडे पाठ केली आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

"जेवलास का?" ती म्हणाली.